मान डोलावली म्हणजे कळलं असं नाही

वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

‘मूल अभ्यासात मागे का पडतं’ या गेल्या महिन्यातल्या प्रश्नाला उत्तर देताना मी जाता जाता लिहून गेले होते, की शिकवणी लावायच्या आधी कान तपासून घ्या. त्या एका ओळीवर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. मी मुंबईत महापालिकेच्या शाळांमध्ये कमी ऐकू येणाऱ्या मुलांसाठी फिरती विशेष शिक्षिका म्हणून २६ वर्षं काढली. एका वेळी माझ्याकडे अकरा शाळा असायच्या, आणि पर्समध्ये डब्याशेजारी कानाच्या मशीनच्या सेलची पाकिटं. त्यामुळे हा विषय निघाला की मी जरा जास्त बोलते. सांभाळून घ्या. चार पत्रं निवडली आहेत.

*

बाई, नमस्कार. माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. महापालिकेच्या मराठी शाळेत तिसरीत जातो. चार वर्षांचा असताना त्याला कमी ऐकू येतं असं कळलं. दोन्ही कानांना मशीन आहे. रिपोर्टवर दोन्हीकडे ६५ डेसिबलच्या आसपास लिहिलंय, दिव्यांग सर्टिफिकेट आहे, ४० टक्क्यांच्या वरचं. वर्गात तो शांत बसतो, कुणाला त्रास देत नाही. त्याच्या बाई म्हणतात, “विचारलं की हो म्हणतो, पेपर मात्र कोरा. लक्षच नसतं.” मोठ्या बाईंनी सांगितलं की पुढच्या वर्षी मूकबधिर शाळेत घाला. ती शाळा गाठायला गाडी आणि बस मिळून दीड तास लागतो आणि घरी धाकटी मुलगी आहे. आमचे हे म्हणतात, राहू दे इथंच, चार मुलांत मिसळून शिकेल. मी काय करू?
— एक आई, भांडुप

ताई, तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं. ‘विचारलं की हो म्हणतो.’

रुळांना लागून असलेल्या एका शाळेत मला दुसरीतला एक मुलगा दाखवला होता. मी त्याच्यासमोर बसले आणि विचारलं, “काल रात्री काय जेवलास?” त्याने मान डोलावली. “भात की चपाती?” पुन्हा मान. “तुझं नाव काय?” तिसऱ्यांदाही मान, आणि वर छानसं हसू. वर्गावरच्या बाई कौतुकाने म्हणाल्या, “बघा, किती गुणी आहे.” गुणी होताच तो. मान हलवली की मोठी माणसं खूश होतात आणि पुढच्या मुलाकडे वळतात, एवढं त्याला पक्कं कळलं होतं. दोन वर्षं त्याने फक्त तेवढ्यावर काढली होती. तुमचा मुलगा हेच करत असणार असं मला जवळजवळ खात्रीने वाटतं. त्याला लक्ष नाही असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. उलट दिवसभर ओठांकडे बघून बघून ही मुलं इतकी दमतात की घरी आल्यावर दप्तर फेकून झोपतात. तुमचाही झोपत असेल.

आता मशीनविषयी. आपल्याला वाटतं, चष्मा लावला की दिसतं, तसं मशीन लावलं की ऐकू येतं. तसं नसतं. मशीन आवाज मोठा करतं, मग तो बाईंचा असो, पंख्याचा असो, बाक सरकवल्याचा असो की खालून जाणाऱ्या टेम्पोचा. शिवाय अंतर. बोलणाऱ्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. एक मीटरवर जो ऐकू येतो तो चार मीटरवर १२ डेसिबलने खाली गेलेला असतो, आणि तिथपर्यंत पोचताना वर्गाच्या गोंगाटात बुडालेला असतो. राहिले ओठ. आज रात्री आरशासमोर उभ्या राहा आणि आवाज न काढता ‘पान’, ‘बाण’, ‘मान’ म्हणा. काही फरक दिसतो का बघा. तुमचं लेकरू दिवसभर हे कोडं सोडवतंय.

रोज सकाळी दप्तर भरायच्या आधी एक मिनिट काढा. मशीन लावून त्याला पाठमोरा उभा करा आणि एक हात अंतरावरून नेहमीच्या आवाजात आ, ई, ऊ, म्, श्, स् हे सहा आवाज उलटसुलट क्रमाने म्हणा. ऐकू आला की त्याने तोच आवाज परत म्हणायचा. एखाद्या दिवशी नेहमी येणारा ‘स्’ आला नाही तर सेल उतरलाय, नळीत पाणी साचलंय किंवा मळ अडकलाय. तसाच शाळेत पाठवलात तर तो दिवस गेला. आणि मशीन शिट्टी मारत असेल तर मोल्ड, म्हणजे कानाच्या मापाचा आत बसणारा साचा, लहान झालाय. पोराचे पाय वाढतात तसा कानही वाढतो. चप्पल बदलतो तसा मोल्ड बदलायचा.

बसायची जागा. सगळे सांगतात, पहिल्या बाकावर बसवा. मी सांगत नाही. पहिल्या बाकावरच्या मुलाला बाईंचा चेहरा मान वर करून बघावा लागतो आणि मागे कोण काय बोललं ते काहीच कळत नाही. दुसऱ्या रांगेत कडेला, खिडकीकडे पाठ करून बसवा. म्हणजे उजेड बाईंच्या तोंडावर पडेल आणि त्याने जरा वळून बघितलं की वर्गही दिसेल. बाईंना हात जोडून एक विनंती करा, की ‘समजलं का?’ विचारूच नका, ‘मी काय सांगितलं ते तू सांग’ म्हणा. या एका बदलाने जे होतं ते पुष्कळदा हजारो रुपयांच्या मशीननेही होत नाही.

शाळेचं म्हणाल तर तोंडी सांगितलेलं तोंडीच राहू द्या, तुम्ही मात्र लेखी अर्ज करा आणि त्याची पोच घ्या. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या ३१व्या कलमाने ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला घराजवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिलाय. निवड तुमची आहे, मोठ्या बाईंची नाही. अर्जात विशेष शिक्षकाची मागणी करा. प्राथमिकला अशा १० मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांना १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक, हे प्रमाण सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये घालून दिलंय. प्रत्यक्षात माझ्यासारखी बाई आठवड्यातून एकदा, पाऊणएक तास येईल. तरी मागा. मागणाराच नसेल तर तो पाऊण तासही कुणी देत नाही.

आणि ‘मूकबधिर’ हा शब्द तुमच्या अर्जात नको. तुमचा मुलगा बोलतो, मग मूक कसला? दोन्ही कानांत ऐकण्यात ६० ते ७० डेसिबलची घट म्हणजे कायद्याच्या भाषेत तो ‘हार्ड ऑफ हिअरिंग’, कमी ऐकू येणारा.

राहता राहिला तुमच्या ह्यांचा मुद्दा. चार मुलांत मिसळून शिकेल, हे ऐकायला गोड आहे. पण एका बाकावर बसलं म्हणजे मिसळलं असं नव्हे. दिवाळीपर्यंत वर सांगितलेलं सगळं करून बघा. तेव्हाही शाळेत काय झालं ते त्याला घरी दोन वाक्यांत सांगता आलं नाही तर त्या दीड तासावरच्या शाळेत एक दिवस जाऊन बसा. विशेष शाळा म्हणजे खालची पायरी नाही. इथल्या वर्गात कोपऱ्यात गप्प बसणारी मुलं तिथे वर्गाला हसवताना मी पाहिली आहेत. आणि तसं ठरलंच तर धाकटीची काहीतरी सोय होईलच.

*

बाई, मी महापालिका शाळेत पाचवीला शिकवतो. ४८ मुलांत दोन मुलं कर्णबधिर आहेत. डी.एड.ला असताना या विषयावर एक धडा होता, तेवढंच माझं ज्ञान. मुलगी बऱ्यापैकी बोलते, पण लेखन फार अशुद्ध. ‘आई बाजार गेली भाजी आण’ असं लिहिते. श्रुतलेखनात दहापैकी शून्य. मी मोठ्याने ओरडून सांगतो, तरी नाही. वेगळा वेळ देणं शक्य नाही, खोटं कशाला बोलू.
— एक शिक्षक, गोवंडी

सर, खोटं न बोलल्याबद्दल आधी आभार.

तुमच्या विद्यार्थिनीचं वाक्य पुन्हा बघा. आई, बाजार, गेली, भाजी, आण. अर्थाचे सगळे शब्द जागेवर आहेत. गळलंय काय? ‘बाजारात’मधला ‘आत’, ‘आणायला’मधला ‘आयला’. आपण मराठी बोलताना हे प्रत्यय शेपटीसारखे घाईत, खालच्या आवाजात टाकून देतो. ऐकू येणारं मूल ते दिवसातून हजार वेळा ऐकतं, म्हणून त्याला शिकवावे लागत नाहीत. हिने ते ऐकलेच नाहीत, मग लिहिणार कुठून? आणि मराठीत सगळा भार या शेपटीवरच असतो. ‘दादाने मांजराला मारलं’ आणि ‘दादाला मांजराने मारलं’, यातले ‘ने’ आणि ‘ला’ काढून टाका. कुणी कुणाला मारलं, सांगा बघू. हे अशुद्धलेखन नाही, सर. तिला अर्धीच भाषा पोचली आहे.

तेव्हा ज्या गोष्टी कानावर पडत नाहीत त्या डोळ्यांवर पाडा. फळ्यावर वाक्य लिहिताना प्रत्यय रंगीत खडूने लिहा. रोज पाच वाक्यं पुरेत. यात वेगळा वेळ जात नाही आणि बाकीच्या ४६ जणांचंही व्याकरण सुधारतं. घरी मराठी नसलेली मुलं तुमच्या वर्गात असणारच, त्यांना याचा फायदा आधी दिसेल.

श्रुतलेखनाबद्दल जरा कडक बोलते. शब्दातच ‘श्रुत’ आहे. तुम्ही तिची भाषा तपासत नाही, कान तपासता, आणि ते काम ऑडिओलॉजिस्टने आधीच केलंय. तिला त्या वेळी चित्र द्या आणि त्यावर पाच ओळी लिहायला सांगा. गुण त्याला द्या.

ओरडू नका. ओरडलं की तोंडाचा आकार वेडावाकडा होतो आणि ओठ वाचता येत नाहीत, शिवाय मशीनमधून तो आवाज कानात फाटतो. फळ्याशी बोलू नका. आधी लिहा, मग वळा, मग बोला. मागच्या बाकावरच्या मुलाने उत्तर दिलं तर ते तुमच्या तोंडून पुन्हा म्हणा. पाढे आणि कविता कोरसमध्ये चालू असताना ही दोन मुलं तोंड हलवत असतील, त्यावर जाऊ नका. बाकांच्या पायांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चढवा. माझ्या एका शाळेत शिपाईकाकांनी अर्ध्या दिवसात अख्ख्या वर्गाला चढवून दिले होते, पाव किलो पेढ्यांच्या बोलीवर. पंखा बंद करा असं मी कधीच सांगणार नाही, मेमध्ये गोवंडीत मीही वर्ग घेतलेत.

आणि मिशा झुपकेदार असतील तर वरच्या ओठावरून जरा कापून घ्या. एका सरांनी माझं हे ऐकल्यावर महिनाभर माझ्याशी बोलणं टाकलं होतं. नंतर कापल्या.

*

माझी नात अडीच वर्षांची आहे. जन्मापासून दोन्ही कानांनी अजिबात ऐकू येत नाही असं तपासणीत निघालं. कॉक्लिअर इम्प्लांट करा म्हणतात, म्हणजे ऑपरेशन करून कानात यंत्र बसवायचं. ओळखीच्या एकांनी बजावलंय की तिच्याशी खाणाखुणा अजिबात करू नका, नाहीतर ती कधीच बोलणार नाही. माझी बायको मात्र लपून खुणा करते आणि नात तिच्याकडेच धावते. कोण बरोबर?
— एक आजोबा, गिरगाव

आजोबा, आजी बरोबर.

पण ऑपरेशनचं आधी, कारण तिथे घड्याळ चालू आहे. जन्मतः बहिऱ्या मुलांना केंद्र सरकारच्या एडिप या दिव्यांगांना साधनं देणाऱ्या योजनेतून इम्प्लांट मिळण्यासाठी वयाची अट ५ वर्षांपर्यंत आहे, आणि जितकं लवकर होईल तितका मेंदू त्या आवाजाला लवकर सरावतो. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३पासून हेच काम करते. तिथे जाऊन मूल योजनेत बसतं का ते विचारा. इम्प्लांट म्हणजे स्विच नव्हे, हेही लक्षात घ्या. ऑपरेशननंतर वर्षानुवर्षं बोलण्याची थेरपी असते, आणि ती घरच्यांनाच करून घ्यावी लागते. तुम्ही निवृत्त असाल तर तुमची नोकरी आता सुरू झाली म्हणा.

आता खुणा. ‘हात खाली’ ही शिस्त मीही पाळली आहे, आणि पाळायला लावली आहे. मी जिथे शिकले तिथे मुलांना तळहात मांडीखाली दाबून बसवायचे, म्हणजे खूण करता येणार नाही आणि तोंड उघडावं लागेल. याचं मूळ फार लांबचं आहे. १८८०मध्ये इटलीत मिलानला बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली. जमलेले जवळजवळ सगळे ऐकू येणारे. त्यांनी ठराव केला की तोंडी भाषाच श्रेष्ठ, खुणा नकोत. त्यानंतर पाच वर्षांनी, १८८५मध्ये, आपल्या माझगावात बहिऱ्या मुलांची देशातली पहिली शाळा सुरू झाली. पुढे आपल्याकडच्या बहुतेक शाळांवर त्या ठरावाची सावली पडली ती शंभर वर्षं हलली नाही. त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त झाला २०१०मध्ये, व्हँकुव्हरच्या परिषदेत. १३० वर्षांनी.

माझ्या पहिल्या वर्गातला एक मुलगा, त्याच्या बोटांवर मी पट्टी मारलेली आहे. लिहिताना हात जड होतोय, पण मारलेली आहे. निवृत्तीच्या वर्षी दादरला संध्याकाळी फलाटावर उभी होते. समोरच्या फलाटावर पाच-सहा तरुण जोरात खुणांनी गप्पा मारत होते आणि माझ्या फलाटावरचा एक जण मधल्या रुळांवरून त्यांच्या गप्पांत सामील होता. गाड्यांच्या त्या धडधडीत आपल्याला शेजारच्याशी बोलता येत नाही, आणि यांचं रूळ ओलांडून निवांत चाललेलं. अलीकडच्या त्या माणसाने वळून माझ्याकडे पाहिलं. ओळख पटली. तो बाकावर बसला, दोन्ही तळहात मांडीखाली दाबले, माझ्याकडे बघितलं आणि खदाखदा हसला. मग हात बाहेर काढून मला नोकरी, लग्न, मुलगी सगळं सांगितलं. मला निम्मं कळलं. उरलेलं त्याच्या बायकोने लहान मुलाला सांगावं तसं सावकाश करून दाखवलं.

खुणांनी बोलणं थांबतं हे मला इतक्या वर्षांत दिसलं नाही. दिसलं ते असं, की पहिली चार-पाच वर्षं कुठलीच भाषा न मिळालेलं मूल पुढे कुठल्याच शाळेत सावरत नाही. इम्प्लांटची तारीख, बधिरीकरणाची फिटनेस, मग मशीन सुरू होणं, मग थेरपी. तोवर नातीने भूक, भीती, ‘आई कुठे गेली’ हे विचारायचं कशात? आजी देते आहे ती भाषाच आहे, फक्त घरगुती आहे. तिला भारतीय सांकेतिक भाषेची जोड द्या. हातवाऱ्यांची मोडतोड नव्हे ती, तिला स्वतःचं व्याकरण आहे. आपण ‘तुझं नाव काय’ म्हणतो त्याच चालीने तिथे प्रश्नाचा शब्द शेवटी येतो, भुवया त्यात सामील असतात. दिल्लीच्या केंद्रीय संस्थेने केलेला १०,००० शब्दांचा कोश २०२१मध्ये आला, व्हिडिओसकट, फोनवर बघता येतो. २०२०च्या शैक्षणिक धोरणातही या भाषेचा उल्लेख आहे. बहिऱ्या मुलांपैकी ९० टक्क्यांहून जास्त मुलं ऐकू येणाऱ्या आईबापांपोटी जन्मतात, त्यामुळे घरात ही भाषा कुणालाच येत नसते. सगळ्या घरानेच ती पहिल्यापासून शिकायची असते. रोज पाच शब्द, रात्री जेवताना.

आणि आजीला सांगा, लपून करायचं बंद.

*

पावसाळ्यात मुलीचं मशीन सारखं बंद पडतं. सेल दोन दिवसांत संपतो. दुकानदार म्हणतो मशीन जुनं झालं, नवीन घ्या.
— एक वडील, विरार

नवीन घ्यायच्या आधी हे करून बघा. रात्री सेल काढून त्याचं दार उघडं ठेवा आणि मशीन सिलिका जेलच्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा. जेलच्या मण्यांचा रंग बदलला की ते ओले झाले, मग पुडी बदला. मोल्डच्या नळीत पाण्याचे थेंब दिसले तर फुंकणीच्या रबरी फुग्याने उडवा, तोंडाने फुंकू नका, वाफ पुन्हा आत जाते. रेनकोटची टोपी मशीनच्या वरून घट्ट बसत असेल तर घामाने भिजतं, छत्री द्या.

सेल हवेवर चालतात. रंगीत स्टिकर काढला की आत हवा जाते आणि सेल जागा होतो, तो परत चिकटवून झोपत नाही. म्हणून चार सेलचे स्टिकर एकदम काढून ठेवू नका, बरेच जण ठेवतात. काढल्यावर एक मिनिटभर थांबून मग आत घाला. पाकिटावरची तारीख बघून घ्या. गल्ल्याशेजारी वर्षभर टांगलेलं पाकीट नको.

वापरलेले सेल मात्र खिडकीत ठेवायची सवय मोडा. धाकट्या भावंडाने गिळला तर उलटीची वाट बघत बसू नका, तडक रुग्णालय गाठा, आणि पाकीट सोबत न्या.